उंचावर हेली आणली की टेल सुटते, हेडस्पीड पडतो: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

ह्यूस्टन नाहीतर न्यू जर्सीहून डेन्व्हरला शिफ्ट झालेला हेलीवाला (आरसी, म्हणजे रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवणारा) पहिल्या महिन्यात हमखास एकच तक्रार घेऊन येतो. "तिकडे टेल एकदम लॉक होती, इथे पंच मारला की नाक फिरतं, गायरो गेला वाटतं." (पंच म्हणजे एकदम जोरात वर चढवणं, गायरो म्हणजे टेल रोटर वापरून नाक सरळ धरून ठेवणारा सेन्सर.) गायरो गेलेला नसतो. मी हे लफडं इतक्या जणांच्या हेल्यांवर निस्तरलंय की आता कुणी "नवीन गायरो ऑर्डर करू का" विचारलं की आधी त्याला हातातला फोन खाली ठेवायला सांगतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हाय अल्टिट्यूड म्हणजे हेली आकाशात ठिपका होईपर्यंत वर नेणं नव्हे. ते इथे ४०० फुटांच्या वर चालत नाही आणि हेलीची ओरिएंटेशन दिसेनाशी झाली की तसंही संपलंच. मी बोलतोय ते फील्डच मुळात उंचावर असण्याबद्दल. डेन्व्हर १६०० मीटर, कोलोराडो स्प्रिंग्ज १८०० च्या वर, लेडव्हिल तर ३००० मीटरच्या पुढे. आपल्याकडे महाबळेश्वर १३५३ मीटर आहे, म्हणजे पुण्यातला कुणी हेली घेऊन तिकडे गेला तर त्यालाही हेच थोड्या कमी प्रमाणात दिसेल. (जाण्याआधी डिजिटल स्कायचा, म्हणजे भारतात कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा बघा. लेहच्या विचारात असाल तर तिथल्या एअरपोर्टवर एअर फोर्स आहे हे विसरू नका. आणि इथे रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये उडवायचा विचार सोडूनच द्या, नॅशनल पार्कांमध्ये २०१४ पासून बंदी आहे.)

लक्षणं

यातली दोन-तीन एकदम दिसली तर प्रॉब्लेम बहुतेक हवेचाच आहे:

- होव्हरला (एका जागी तरंगताना) स्टिक पूर्वीपेक्षा वर लागते. समुद्रसपाटीला साडेचार-पाच अंश पिचवर (ब्लेडच्या कोनावर) तरंगणारी हेली आता साडेपाच-सहा मागते.
- जोरात कलेक्टिव्ह (मेन ब्लेडांचा पिच एकदम बदलणारी स्टिक) दिला की आवाज खाली बसतो, हेली चढते पण मन लावून चढत नाही.
- फुल पॉझिटिव्ह पंचला नाक डावीकडे फिरतं आणि कलेक्टिव्ह कमी केला की आपोआप सावरतं. बहुतेक आरसी हेल्यांचा मेन रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे टेल हरली की नाक डावीकडेच जाणार. उजवीकडे जात असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.
- खाली येताना थांबवायला गेलं की उशिरा थांबते. फास्ट फॉरवर्डमधून ब्रेक मारला तरी आणखी पुढे जाऊन थांबते.
- लँड केल्यावर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) पूर्वीपेक्षा गरम.
- नायट्रो (इंधनाच्या इंजिनवर चालणारी हेली) असेल तर धूर भरपूर, ताकद कमी, आणि होव्हरमध्ये घुर्रघुर्र.
- सकाळी बरी उडते, दुपारी तीच हेली मरगळलेली.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात आवडतं कारण तिथे निदान जवळजवळ पक्कं होतं. हेली तीच, सेटिंग तेच, पायलट तोच, फक्त ऊन वाढलं.

उलट टेल सतत दोन्ही बाजूंना थरथरत असेल तर तो गायरोचा गेन (तो किती जोराने दुरुस्ती करतो ते सेटिंग) जास्त असल्याचा प्रकार. कलेक्टिव्ह न बदलता टेल हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर मेकॅनिकल गोष्ट आहे, किंवा इनिशिअलायझेशनच्या वेळी हेली हलली असेल, परत पॉवर द्या आणि हात लावू नका. याचा उंचीशी संबंध नाही.

होतं काय नेमकं

समुद्रसपाटीला स्टँडर्ड हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर. डेन्व्हरच्या उंचीला ती साधारण ८५ टक्के राहते, ३००० मीटरला ७४ टक्के. तेच पिच, तोच हेडस्पीड (मेन रोटरचा फिरण्याचा वेग), तर लिफ्टही तेवढीच कमी. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

पुढचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिक हेलीत त्याच पिचला आणि त्याच आरपीएमला मोटरवरचा लोड उलट थोडा कमीच होतो, कारण ब्लेडला कापायला हवाच कमी. टेलची ताकद १५ टक्के कमी झाली तशी मेन रोटरचा टॉर्कही तेवढाच कमी झालेला असतो, म्हणजे हिशोब अजून जुळलेला आहे. गडबड सुरू होते ती पायलटने कमी झालेली लिफ्ट पिच वाढवून भरून काढायला घेतली की. ब्लेड स्टॉलच्या जवळ जातं, ड्रॅग एकदम वाढतो, मेन रोटरचा टॉर्क परत पहिल्याएवढा किंवा त्याहून जास्त, आणि टेलकडे मात्र अजून ८५ टक्केच ताकद. मग टेल सुटते. मग लोक गायरोचा गेन वाढवतात. मग टेल वॅग करते (दोन्ही बाजूंना थरथरते) आणि शिवाय पंचला सुटतेच. आणि मग नवीन गायरो.

म्हणजे दुखणं हेडस्पीडचं आणि औषध टेलला. लिफ्ट आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे घनता ८५ टक्के झाली तर हेडस्पीड फक्त ८ टक्क्यांनी वाढवून तुम्ही परत जुन्या जागेवर येता. टेल मेन रोटरलाच गिअरने बांधलेली असल्याने तिचीही ताकद सोबत परत येते, फुकटात. १९०० ला उडवत असाल तर २०५०. लेडव्हिलसाठी १६ टक्के, म्हणजे २२०० च्या आसपास. मंगळावरचं इंजेन्युइटी याच हिशोबाचं टोकाचं उदाहरण आहे. पावणेदोन किलोच्या आसपास वजन, १.२ मीटरचा रोटर, पण तिथली हवा पृथ्वीच्या साधारण एक टक्का, म्हणून २४०० च्या वर आरपीएम. २०२१ मध्ये तिथला ऋतू बदलून हवा आणखी विरळ होणार म्हटल्यावर नासाने पिचशी खेळण्याऐवजी आरपीएम २७०० वर न्यायचं ठरवलं. ते करतात तेच आपण करायचं.

तपासायचा क्रम, फुकटापासून महागापर्यंत

*पहिलं, डेन्सिटी अल्टिट्यूड काढा, म्हणजे हवेच्या घनतेवरून हेलीला जाणवणारी उंची.* फील्डची उंची १६०० मीटर म्हणजे हेलीलाही १६००च वाटतात असं नाही. ऊन जितकं जास्त तितकी हवा विरळ. अंदाजाचा हिशोब असा: त्या उंचीचं स्टँडर्ड तापमान काढा (१५ मधून दर हजार फुटांना २ अंश वजा), आत्ताचं तापमान त्याच्यापेक्षा जितके अंश जास्त तितके गुणिले १२० फूट, ते फील्डच्या उंचीत मिळवा. डेन्व्हरला ३५ अंशांची दुपार असेल तर उत्तर साडेआठ हजार फुटांच्या पुढे जातं. सकाळच्या १० अंशांपेक्षा दुपारी ३५ ला हवा ८ टक्के कमी असते. हिशोबाचा कंटाळा असेल तर जवळच्या छोट्या एअरपोर्टच्या ऑटोमॅटिक हवामान स्टेशनला फोन लावा, डोंगरातली बरीच स्टेशनं डेन्सिटी अल्टिट्यूड स्वतःच बोलून सांगतात. हे पहिलं यासाठी की हा आकडा माहीत नसेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग अंधारात, सकाळी सेट केलेलं दुपारी चुकणार आणि तुम्ही परत गायरोकडे संशयाने बघणार.

*दुसरं, बॅटरी.* इथल्या पहाटे थंड असतात, गाडीत रात्रभर राहिलेला लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी पॅक) ५ अंशांवर असतो आणि पहिल्या पंचला व्होल्टेज धाडकन पडतं. तेही हेडस्पीड पडल्यासारखंच ऐकू येतं. पॅक ३० अंशांच्या आसपास गरम करून मग उडवा आणि लक्षण गेलं का बघा. गेलं तर तुमचा प्रॉब्लेम थंडीचा होता. सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स चार्जरवर बघा, एखादा सेल बाकीच्यांच्या दीडपट-दुप्पट असेल तर तो पॅक बाजूला काढा. आणखी एक, थोडा मऊ पडलेला पॅक डोंगरात वर नेला की वेफर्सच्या पाकिटासारखा फुगलेला दिसतो. बाहेरचा दाब कमी झाल्याने आतला गॅस पसरतो, पण गॅस आधीपासून होता म्हणूनच ना. तो पॅक रिटायर करा.

*तिसरं, टेल हाताने तपासा.* पॉवर बंद, टेल सर्व्होची (टेल ब्लेडांचा पिच बदलणाऱ्या छोट्या मोटरची) लिंक काढा, स्लायडर बोटाने टोकापासून टोकापर्यंत सरकवा. कुठेही अडकता कामा नये. बेल्टवाली हेली असेल तर टेन्शन बघा, टेल ब्लेडच्या कडा बघा. मग लिंक लावून फुल रडरला (टेल वळवणारी स्टिक टोकाला नेऊन) पिच खरंच शेवटपर्यंत जातो का ते बघा. हे फार जणांचं अपुरं असतं. खाली समुद्रसपाटीला ७० टक्के पिचमध्ये काम भागत होतं म्हणून कुणी लिमिट नीट सेट केलेलीच नसते, इथे आल्यावर ती उरलेली ३० टक्के लागतात आणि ती सर्व्होला सांगितलेलीच नाहीत. लिमिट मेकॅनिकल टोकाच्या जरा अलीकडे आणा, सर्व्हो गुणगुणला नाही पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसे शून्य.

*चौथं, हेडस्पीड मोजा.* अंदाज नको, आवाजावरून नको. टेलिमेट्री असेल तर उत्तम, नाहीतर ऑप्टिकल टॅकोमीटर, आणि तो दुसऱ्या माणसाने लांबून धरायचा. ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर २००० लिहिलंय म्हणजे रोटर २००० ने फिरतोय असं मानणारे खूप भेटतात. होव्हरमध्ये किती आणि पंचमध्ये किती पडतो, दोन्ही आकडे लिहून घ्या. पंचमध्ये शंभरच्या आत पडून लगेच परत येत असेल तर ठीक. दोनशे-तीनशे पडून तिथेच बसत असेल तर गव्हर्नरकडे (हेडस्पीड कायम ठेवणारं ईएससीचं फीचर) हेडरूम, म्हणजे वाढवायला शिल्लक ताकद, नाही.

हेडरूम ईएससीच्या लॉगमध्ये दिसतं. होव्हरला आउटपुट ६५ ते ७५ टक्के दिसलं पाहिजे. होव्हरलाच ९० दिसतंय तर गव्हर्नर बिचारा पंचला देणार कुठून. या अवस्थेत गव्हर्नरचा गेन वाढवून काहीही होत नाही.

*पाचवं, हेडस्पीड वाढवा, पण आधी ब्लेडचं पाकीट वाचा.* प्रत्येक मेन ब्लेडवर किंवा पाकिटावर कमाल आरपीएम दिलेला असतो. ८ टक्के आरपीएम वाढवला की ब्लेडच्या मुळाशी ताण साधारण १७ टक्क्यांनी वाढतो, १६ टक्के वाढवला तर एक तृतीयांशाहून जास्त. लाकडी किंवा स्वस्तातली फायबरची ब्लेडं असतील तर इथेच थांबा. मर्यादेत असाल तर ५०-५० ने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी परत मोजा. आता टेल बघा, दहातल्या आठ जणांचं इथे संपतं. गायरो गेनला अजून हात लावलेला नाही हे लक्षात घ्या. हेडस्पीड जुन्या ताकदीला आणला की जुना गेनच परत बरोबर बसतो, म्हणून ज्यांनी मधे गेन वाढवून ठेवलाय त्यांनी आधी तो मूळ आकड्यावर न्या नाहीतर वॅग येईल आणि वाटेल की हेडस्पीड वाढवून बिघडलं.

टायमरही कमी करा. टॉर्क तेवढाच पण आरपीएम ८ टक्के जास्त, म्हणजे पॉवरही तेवढी जास्त. सहा मिनिटांचा टायमर असेल तर पहिली उड्डाणं चार-साडेचारवर उतरवा, पॅकमध्ये किती उरलं बघा, मग ठरवा.

*सहावं, वजन.* १२एसचे (१२ सेलचे) ५००० एमएएचवाले पॅक काढून ४००० वाले लावले की ७०० साइझच्या (साधारण ७०० मिलिमीटर मेन ब्लेडच्या) हेलीचं पाव किलोहून जास्त वजन उतरतं, पाच किलोच्या हेलीत हा पाच टक्क्यांचा फरक आहे. सीजी (वजनाचा मध्य) परत जुळवा, पॅक पुढेमागे सरकवून. लोक हा उपाय ऐकून घेतात आणि करत नाहीत, कारण फ्लाइट टाइम कमी होतो. मला विचाराल तर दुपारच्या उन्हात दोन मिनिटं कमी पण नीट उडालेली बरी.

*सातवं, पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं गिअर.* होव्हरलाच ९० टक्के आउटपुट दिसणाऱ्यांचा खरा उपाय हा. उदाहरण देतो: १२एस म्हणजे ४४.४ व्होल्ट, ५०० केव्हीची (दर व्होल्टला ५०० आरपीएम) मोटर, रिकामी २२,२०० आरपीएम. मेन गिअर ११२ दाते आणि पिनियन ११ दाते असेल तर रोटरला वरची मर्यादा २१८०, आणि त्यातले ८५ टक्केच वापरण्यासारखे, म्हणजे १८५० च्या आसपास. यावर २०५० मागितले तर कुठून येणार? १२ दाती लावा, तोच आकडा २०२० वर जातो. १३ लावला तर २१९०. पिनियन स्वस्त मिळतो पण मेश (दोन्ही गिअरचे दात किती घट्ट बसतात ते) नीट सेट करायला लागतो. कागदाची पट्टी दातांमध्ये धरून सेट करा आणि मेन गिअर पूर्ण फिरवून कुठे घट्ट होतंय का बघा.

पिनियन मोठा केला की अँपिअर वाढतात, आणि विरळ हवा मोटरला थंडही कमी करते, फॅन तेवढाच फिरला तरी त्यातून जाणारी हवा वजनाने कमीच. म्हणून पहिलं उड्डाण दोन मिनिटांचं, उतरवा, टेंपरेचर गनने मोटर, ईएससी, पॅक तिन्ही बघा. पॅक ६० अंशांच्या वर गेला किंवा ईएससी मॅन्युअलमधल्या मर्यादेजवळ आला तर एक दात परत मागे या.

*आठवं, ब्लेडं.* ७०० च्या हेलीला १०५ ऐवजी ११० किंवा ११५ मिलिमीटरची टेल ब्लेडं, मेनला थोडी लांब किंवा रुंद कॉर्डची. टेल ब्लेड मेन ब्लेडला घासत नाही ना हे हाताने फिरवून, दोन्ही दाबून-वाकवून बघा. हा उपाय चांगला आहे पण आठव्या नंबरवर आहे, पहिल्या नाही. हेडस्पीड अपुरा असताना लांब टेल ब्लेडं लावली तर ती मोटरची उरलीसुरली ताकद खातात.

पिचचं काय? ११ अंशांवरून १२ पर्यंत ठीक. त्याच्या पुढे जाऊन हेली जास्त चढत नाही, फक्त जास्त ओरडते.

नायट्रोवाल्यांसाठी वेगळं

तुमचं इंजिन स्वतःही हीच विरळ हवा पितं, त्यामुळे दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते आणि ती नीडल फिरवून परत येत नाही. फक्त मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) झालेलं असतं ते दुरुस्त करता येतं. हाय नीडल (इंधन किती जातं ते ठरवणारा स्क्रू) एकेक-दोनदोन क्लिक आत, दर वेळी एक पूर्ण फ्लाइट, धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. त्याआधी ग्लो प्लग आणि मफलर प्रेशरची नळी बघा, तडा गेलेली नळी आणि उंची यांची लक्षणं अर्धी सारखीच असतात. धूर गायब झाला आणि इंजिन पंचमध्ये एकदम छान ओढायला लागलं तर खूश होऊ नका, दोन क्लिक बाहेर काढा.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

ईएससी हवेत कट झाला असेल, एकदाही, तर परत उडवू नका. लॉग घेऊन कंपनीच्या सर्व्हिसला पाठवा. थर्मल कट होता की करंट हे घरी कळणार नाही आणि दुसऱ्यांदा तो कदाचित डोक्याच्या उंचीवर होईल. हेडस्पीड वाढवल्यावर नवीन व्हायब्रेशन आलं आणि ब्लेड बॅलन्स करून, डँपर बघूनही जात नसेल तर थांबा. मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट, वन-वे बेअरिंग यातलं काहीतरी आहे, आणि वाढलेल्या आरपीएमला हे प्रयोग करायची ही जागा नाही. क्लबातला जो माणूस हेल्या उघडून बसलेला असतो त्याला दाखवा किंवा हॉबी शॉपमध्ये द्या. ब्लेडच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसली तर दुरुस्ती हा शब्दच नाही, दोन्ही ब्लेडं कचऱ्यात. लागणारा हेडस्पीड ब्लेडच्या किंवा हेडच्या मर्यादेच्या वर जात असेल तर ती हेली त्या उंचीला त्या वजनाने थ्रीडी (उलटसुलट कसरती) उडणार नाही, शांत स्पोर्ट फ्लाइंग करा. टर्बाइन असेल तर फ्युएल सेटिंगला हात लावू नका, उंचीवर स्टार्ट मुळातच गरम होतात, सर्व्हिस सेंटरनेच करायचं ते काम आहे.

ऑटोरोटेशनचा (मोटरची पॉवर बंद करून उतरवण्याचा) सराव इथे पहिल्या दिवशी करू नका. हेली जास्त वेगाने खाली येते आणि फ्लेअरला (शेवटी नाक उचलून वेग मारताना) मिळणारी लिफ्ट कमी. आधी पॉवर ठेवून तोच अप्रोच चार-पाच वेळा करून वेग डोळ्यांत बसवा.

आणि परत खाली जाणाऱ्यांनो, ह्यूस्टनला सुट्टीत हेली घेऊन चाललात तर निघायच्या आधीच नायट्रोची नीडल जुन्या जागेवर उघडा. इथलं सेटिंग तिथल्या दाट हवेत लीन (इंधन कमी) होतं आणि पिस्टन-लायनर एका टाकीत जातो. इलेक्ट्रिकवाल्यांनी हेडस्पीड खाली आणा, वाढवलेला पिच कमी करा. डेन्व्हरचा २०५० तिथे तसाच ठेवून फुल कलेक्टिव्ह मारला तर अँपिअर कुठे जातात ते ईएससी तुम्हाला सांगेल. मूळ सेटिंग वेगळ्या मॉडेल मेमरीत ठेवलेलं असलं की हे अर्ध्या मिनिटात होतं. नसेल ठेवलं तर आत्ताच, काही बदलायच्या आधी, मॉडेल कॉपी करून घ्या आणि नावातच उंची लिहा.